धरला तरी न जळणारा पाळणा

सर्व संबंधित, असंबंधित आणि उगाच डोकावणाऱ्या नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, सत्तरच्या दशकात, सोलापूर शहराच्या पूर्व भागात, दोन खोल्यांच्या एका भाड्याच्या घरी, विजेच्या पाळण्यात एका भोपळ्याला झोपवण्यात आलं होतं. भोपळा शांत झोपला. मोटर मात्र पेटली. या दुर्घटनेत जीवितहानी झाली नाही. भोपळ्याची दुसऱ्या दिवशी भाजी झाली आणि ती मी स्वतः खाल्ली, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगू शकतो. परंतु एका मास्तरीणबाईंची नोकरी आणि एका प्राध्यापकाची अब्रू त्या धुरात बराच काळ दिसेनाशी झाली होती.

ते प्राध्यापक म्हणजे आमचे इरण्णा वागदरे.

वागदरे सर एका तंत्रशिक्षण संस्थेत विजेची यंत्रं शिकवायचे. मी तिथंच ड्रॉइंग शिकवायचो. सर मला नावानं कधी हाक मारत नसत. 'ड्रॉइंगवाले' म्हणत, आणि तेही 'भांडीवाले' म्हणावं अशा सुरात. उंची बेताची, पण बोलायला लागले की वाढत जायची. अंगात बारा महिने खाकी कोट. सोलापूरच्या एप्रिलमध्ये माणसं बनियनसुद्धा नकोशी होऊन बसलेली असताना सर कोटाची बटणं लावून वर्गात शिरत. त्या कोटाच्या डाव्या खिशात एक चुंबक असे. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, बशीएवढं, काळं, जाड कडं. ते खिशात कशासाठी, असं विचारलं की म्हणायचे, "तुम्ही खिशात रुमाल कशाला ठेवता? लागला तर असावा म्हणून ना? तसंच."

या चुंबकानं पहिला बळी घेतला तो सरांच्या घड्याळाचा. चुंबक डाव्या खिशात, घड्याळ डाव्या मनगटावर, आणि डावा हात कायम खिशात. घड्याळ बंद पडलं ते पडलंच. तरी सर ते रोज बांधायचे, आणि वेळ विचारली की मनगटाकडे अगदी निरखून बघून सांगायचे, "अजून भोंगा व्हायचाय." मिलचा भोंगा हेच त्यांचं खरं घड्याळ. मनगटावरचं नुसतं बघायला.

दुसरा बळी प्राचार्यांच्या किल्ल्यांचा. एकदा स्टाफच्या बैठकीत प्राचार्य वक्तशीरपणावर बोलत होते. प्रत्येक मुद्द्याला किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटत होते. वागदरे सर शेजारी, टेबलाला रेलून, डोळे मिटून ऐकत होते. बैठक संपली, आणि जुडगा गायब. आधी शिपायाकडे संशयानं बघून झालं. मग शोधमोहीम निघाली, आणि तिचं नेतृत्व कुणी करावं? वागदरे सरांनी! "त्या कपाटाखाली बघा! ड्रॉइंगवाले, खुर्ची उचला!" असे हुकूम सोडत ते टेबलाखाली वाकत होते, आणि प्रत्येक वेळी वाकले की त्यांच्या डाव्या कुशीला चिकटलेला जुडगा छुन्न वाजत होता. माझ्या ते पहिल्याच वाकण्याला लक्षात आलं होतं. पण इतका सुंदर प्रयोग लगेच बंद पाडायचा म्हणजे पाप. सर माळ्यावर चढले, उतरले, तेव्हा मी म्हटलं, "सर, चोर सापडला. तुमच्या काखेत आहे."

सरांनी खाली पाहिलं. चेहऱ्यावर लाज नावाला नाही. जुडगा सोडवून त्यांनी प्राचार्यांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मी घेतल्या नाहीत. त्या आल्या."

असा हा माणूस. पण त्यांचं खरं वेड चुंबक नव्हे. चुंबक ही नुसती सोबत होती. त्यांचं वेड होतं लीकेज.

तुम्ही घाबरू नका. वागदरे सरांनी हा विषय एका अशा वर्गाला शिकवून दाखवला होता, ज्यातल्या निम्म्यांना मोटर आणि मोटरगाडी यांतला फरक नुकताच कळला होता. त्यांनी पोरांना उठवलं आणि व्हरांड्यात नेलं. आमच्या दोन इमारतींच्या मधे एक बोळ होता. सर म्हणाले, "ही इकडची इमारत म्हणजे तारेची गुंडाळी. पलीकडची म्हणजे फिरणारं चुंबक. मधला बोळ म्हणजे फट. तुम्ही सगळे विजेनं तयार केलेल्या चुंबकी रेषा. जा, पलीकडं शिवून या!"

पोरं धावली. निम्मी बोळ ओलांडून पलीकडं शिवून आली. उरलेली आळशी, ती अलीकडच्याच लिंबाच्या झाडाला वळसा घालून परत.

"फटीपलीकडं गेले ते काम करून आले," सर म्हणाले. "त्यांनी मोटर फिरवली. लिंबाला वळसा घालून आले ते लीकेज. आपल्याच गुंडाळीभोवती घुटमळले आणि घरी आले."

घुटमळणाऱ्यांकडे बघून बाकीचे हसले. सर एकदम गरजले, "हसायचं नाही! आता सगळे एकदम उलटे फिरा! परत जा! परत या! जा! या!"

व्हरांड्याच्या दारात जी चेंगराचेंगरी झाली ती काय वर्णावी. लिंबाकडचे दारातच घोटाळत होते, त्यामुळे कुणालाच झटक्यात वळता येईना. सर टाळ्या पिटत होते. "बघा! घरातली वीज सारखी दिशा बदलते. ती बदलायला निघाली की ही घुटमळणारी मंडळी दारात आडवी. तारेचा रोधसुद्धा वीज अडवतो, पण तो तापून अडवतो. लीकेज अडवतं ते न तापता. मोटर फिरती असेल तर ती स्वतःच विजेला आवरून धरते. पण कुणी मोटर धरून ठेवली, अडकवली, तर तो आवर गेला, आणि वीज पिसाळल्यासारखी आत शिरते. त्या वेळी वाचवणार कोण? हे घुटमळे!"

लीकेजला नावं ठेवणाऱ्या पुस्तकांवर त्यांचा राग होता. पुस्तकं सांगत, गुंडाळी अशी करा की लीकेज कमीत कमी होईल. सर म्हणत, "कुणासाठी कमी? पिठाच्या गिरणीला कमी करा की. सगळ्यांना एकच माप का?"

त्यांना एक मोटर बनवायची होती, जी धरली तरी जळणार नाही. आणि ती कशाला हवी होती, ते कळलं ते सरांना मुलगी झाल्यावर.

सरांच्या पत्नी, महानंदा वहिनी, प्राथमिक शाळेत मास्तरीण होत्या. सकाळची शाळा. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर पाळणा हलायची वेळ आली होती, त्यामुळे बाळंतपणाला वहिनी माहेरी, वळसंगला गेल्या. घरी राहिल्या सरांच्या आई. त्यांना आम्ही सगळे अव्वाच म्हणायचो. अव्वांची नजर तेज, जीभ त्याहून तेज, पण उजवा हात खांद्यातून उचलत नव्हता. नातीकडे बघतील, दूध पाजतील, गप्पा मारतील, पण पाळण्याची दोरी काही सकाळभर ओढू शकणार नाहीत. आणि ही मुलगी अशी, की पाळणा थांबला की गाव गोळा करायची.

वहिनींचे वडील बसप्पा. मिलमध्ये जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणून हयात काढून निवृत्त झालेले, आता वळसंगला शेती बघत. मिशा अशा, की बोलताना आधी त्या हलत आणि मग शब्द बाहेर येत. एका रविवारी ते एस्टीनं आले, ज्वारीचं पोतं दारात टाकलं आणि निकाल सुनावला.

"अव्वाचा हात चालत न्हाय. मग पोरीला कोन बगनार? महानंदा राजीनामा दिती. पोर शाळंला जाईपतुर वळसंगलाच ऱ्हाईल."

सर म्हणाले, "मामा, तिला शाळा सोडायची नाहीये."

"मग पाळना कोन हलविनार? तुमी?"

"मोटर."

बसप्पांच्या मिशा आधी दोनदा हलल्या. मग ते म्हणाले, "मिलमंदी लई मोटरी बगितल्या जावईबापू. चालती तवर लक्ष्मी. जरा कुटं अडकली की धूर. आन पाळना तर येनारा-जानारा हर माणूस धरनार, पोरीचं तोंड बगायला. धरला की जळनार."

"नाही जळणार."

"बरं मग. दावा. मी सोताच्या हातानं धरून बगनार. न्हाय जळली, तर लेक शाळंला. जळली, तर राजीनामा."

हात मिळवून सौदा पक्का झाला. वहिनींना वळसंगला ही बातमी कळली तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, तो मीच घेऊन आलो होतो. "सरांना सांगा, वर्गात मोटर जळाली तर पोरं हसतात. ही जळाली तर मी हसणार नाही."

सर कामाला लागले. आता मोटर दिसायला कशी, तर थाळीएवढी. मधे फिरणाऱ्या चकतीवर चुंबकाचे तुकडे डकवलेले, भोवती लोखंडी पत्र्यांचं कडं, त्याला खाचा, आणि खाचांत केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांची चाकं लावून तिची गती उतरवली होती. या जातीच्या मोटरला एक खोड असते: अडली की थबकते आणि उलटी फिरायला लागते. सरांनी तीच खोड कामाला लावली. मोटर भिंतीवर, लांब. तिच्यापासून पाळण्यापर्यंत सुती दोरी. दोरी ताणली, मोटर अडली, उलटी फिरली. पुन्हा ताणली, पुन्हा अडली. पाळण्याला वीज शिवायची नाही, शिवायची ती दोरी.

"म्हणजे ही मोटर जन्मभर अडकतच राहणार," मी म्हटलं.

"म्हणून तर तिला लीकेज पाहिजे! भरपूर!"

खाचांचं ड्रॉइंग मी काढलं. चांगल्या ऐसपैस, उघड्या तोंडाच्या खाचा काढल्या. सरांनी कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. "ड्रॉइंगवाले, तोंड आवळा! खाच खोल पाहिजे, तोंड सुरईसारखं अरुंद. तार पार तळाशी. ती जितकी तळात, तितकी रेषांना आतल्या आत घुटमळायला जागा. आणि खाचेबाहेर तारेचे वळसे लांब, लोंबते ठेवायचे. तिथंही घुटमळतील."

"पण मग मोटरची ताकद कमी होणार."

"पाळण्याला पैलवान कशाला पाहिजे? आजी पाहिजे."

पहिली गुंडाळी सरांनी स्वतः केली. दिसायला भयंकर. वळसे असे लोंबत होते, जणू कुणी मोटरवर शेवया वाळत घातल्यात. पण धरली तरी ती थंड राहायची, नुसती गुणगुणायची. अडचण एवढीच, की सरांच्या बोटांनी तारेवरचा वीजरोधक लेप जागोजाग खरवडला होता, आणि असली तार पोरीच्या डोक्यावर नको, असं त्यांचं त्यांनाच वाटलं. मोटरीत तार भरणाऱ्या कारागिरांनी ती केसासारखी तार बघून हात जोडले.

तेव्हा सरांना मागच्या घरातली नरसम्मा आठवली.

नरसम्मा तेलुगू. घरात माग, आणि दारात तिचा सुताच्या कांड्या भरायचा रहाट. नवरा चादरी विणायचा आणि नरसम्मा त्याला कांड्या भरून द्यायची. तिनं भरलेली कांडी म्हणजे, गल्लीत म्हणत, साखरेची कांडी. धागा कुठं सैल नाही, कुठं चढलेला नाही. आणि हे तिला ठाऊक होतं. ती सांगायचीसुद्धा, कुणी न विचारता. सर घरात कन्नड बोलायचे, ती तेलुगू, आणि दोघं भांडायची मराठीत.

सरांनी आपली शेवयांची मोटर तिच्यापुढं ठेवली. "नरसम्मा, अगदी अशीच पाहिजे. एक सोडून दोन करा, एक जादा असू दे."

"अशीच?" तिनं मोटर फिरवून फिरवून बघितली. मग सरांकडे बघितलं. त्या बघण्यात अपार दया होती. "बरं सारू. करतो मी."

आठवड्यानं तिनं दोन मोटरी आणून दिल्या. काय सांगू! वरून बघाल तर दागिना म्हणून घालाव्यात अशा! सर संस्थेच्या कुठल्याशा कामात होते, भोपळ्याची वेळ ठरलेली, बसप्पा एस्टीत बसलेले. मोटरवर झाकण होतं. सरांनी झाकणासकट ती भिंतीला ठोकली आणि आत नजर टाकायचं राहून गेलं.

बसप्पा आले. बाळाऐवजी पाळण्यात बाळाच्या वजनाचा भोपळा ठेवला. अव्वांनी त्यालाही दुपट्यात गुंडाळलं, उघडा नको म्हणून. बटण दाबलं. पाळणा हलला. खरंच हलला! अव्वा भोपळ्याकडे बघून चक्क हसल्या. बसप्पांनी दोन-चार झोके बघितले, मिशीवरून हात फिरवला आणि पाळणा धरला.

मोटर गुणगुणली. मग कुरकुरली. मग झाकणाच्या फटीतून एक बारीक निळा धूर निघाला, अगदी उदबत्तीसारखा, आणि घरभर जळक्या लेपाचा वास सुटला.

बसप्पांनी पाळणा सोडला. भोपळ्याचं दुपटं नीट केलं आणि म्हणाले, "झोपू द्या त्याला. मी राजीनाम्याचं सांगतो लेकीला."

सरांनी झाकण उपटलं. आत वळसे कुठंच लोंबत नव्हते. नरसम्मानं एकूणएक वळसा ओढून, घट्ट, खाचेलगत, वेणीसारखा बसवला होता. खाचेच्या तळाला तार टोचू नये म्हणून तिनं कागदाची जाड गादी घातली होती, त्यामुळे तार सगळी वर, तोंडाशी आली होती. घुटमळायला कुणाला इंचभर जागा उरली नव्हती.

सर कुंपणाशी गेले आणि ओरडले. माणूस इतक्या कळवळून ओरडलेला मी पुन्हा ऐकला नाही.

"नरसम्मा! चांगलं करायला कुणी सांगितलं होतं?"

रहाट थांबला. नरसम्मा बाहेर आली. "काय?"

"इतकं चांगलं कशाला केलंत?"

"अय्यो! चांगलं केलं तर ओरडतो? तुमचं ते बघून मला रडू आलं सारू. सारूला जमलं नसंल, मी म्हटलं. गादीपण घातलो मी, पदरचा कागद!"

आणि तिनं दार लावून घेतलं.

पुढचे दोन-तीन दिवस सर वर्गात शिकवताना मधेच थांबायचे. बसप्पा निघताना अव्वांच्या विनवणीवरून एवढंच कबूल करून गेले होते, की बारशाला पुन्हा एकदा धरून बघीन. राजीनामा लिहिलेला असंल, फकस्त द्यायचा राहील, हेही बजावून. बारसं आधीच लांबलेलं होतं, आता त्याची तारीख ठरली. वेळ थोडा, आणि सोलापुरात ती तार भरू शकणारे हात दोनच, आणि ते हात रुसलेले.

शेवटी सर तिच्या दारात गेले. मीही गेलो, कारण असले प्रसंग चुकवणं माझ्या स्वभावात नाही. सरांनी दोन मोटरी नेल्या होत्या: तिची राहिलेली जादा, आणि आपली शेवयांची. दोन्ही तिच्याच घरच्या विजेवर लावल्या आणि म्हणाले, "नरसम्मा, काही बोलू नका. दोन्ही हातांनी दोन्ही चकत्या धरून ठेवा. एवढंच."

ती धरून बसली. माग खटखटत होता. थोड्या वेळात तिनं आपल्या मोटरच्या कड्याला बोट लावलं आणि चटकन काढलं. मग सरांच्या मोटरला लावलं. तिथं ते ठेवलंच.

"म्हंजे," ती हळूच म्हणाली, "माझा हात चांगला, म्हणून पाळना जळला?"

"व्हय," सर म्हणाले. दुसरा कुणी असता तर तो गोड काहीतरी बोलला असता. सरांनी ते केलं नाही. "आता तोच हात वाकडा चालवायचाय. माझा वाकडा चालतो पण लेप खरवडतो. लेप न खरवडता वाकडं करणारा हात तुमचाच. पोरीच्या आईची शाळा त्याच्यावर आहे."

नरसम्मानं रहाटावरची कांडी काढून बाजूला ठेवली. "करतो. पण गल्लीत कुनाला माझं नाव सांगायचं नाही. झाकण काढायचं नाही. नरसम्मानं असलं घाण काम केलं म्हनून लोक कांड्या माघारी पाठवतील."

सरांनी शपथ घेतली. मला पण घ्यायला लावली. नरसम्मानं स्वतःही घेतली: मेले तरी सांगणार नाही.

मग सुरू झालं ते काम मी डोळे भरून बघितलं. चांगलं काम करणाऱ्याला वाईट करायला लावणं हे किती कष्टाचं असतं! तिची बोटं सवयीनं तार ओढायची. सर शेजारी बसून ओरडायचे, "ढिलं! ढिलं, नरसम्मा!"

"हात ऐकत नाही की सारू!"

"सोडा! लोंबू द्या!"

"अय्यो, बघवत नाही."

शेवटी तिनंच तोड काढली. घरातून लाटणं आणलं, प्रत्येक वळसा लाटण्यावरून घेतला आणि मग लाटणं ओढून काढलं. वळसे सगळे लोंबते, पण सगळे एका मापाचे. अगदी शिस्तीतला गबाळेपणा! गादी गेली, तार तळाला गेली. काम पूर्ण झालं तेव्हा नरसम्मानं मोटरकडे पाठ करून ती सरांच्या हातात दिली.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी गच्च. भिंतीवर मोटर, मोटरवर झाकण म्हणून तुपाचा रिकामा डबा पालथा घातलेला. वहिनी मुलीला घेऊन आल्या होत्या. त्यांच्या पर्समध्ये राजीनामा होता हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बायकांनी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. सरांनी नाव ठेवलं विद्युल्लता. अव्वांनी ते तिथल्या तिथं छाटून लता केलं.

आणि मग बसप्पा पाटावर, पाळण्याशेजारी, परीक्षकासारखे मांडी घालून बसले. पाळणा हलत होता. लता झोपली होती. बसप्पांनी पाळणा धरला.

"भोंगा हुईपतुर सोडनार न्हाय," ते म्हणाले.

बायका घुगऱ्या वाटायच्या थांबल्या. मोटर गुणगुणत होती. सर भिंतीला पाठ लावून उकिडवे बसले होते, डावा हात कोटाच्या खिशात, आणि त्यांचं बंद घड्याळ त्यांनी इतक्या वेळा बघितलं की लाजेनं तरी ते चालू व्हायला हवं होतं. मी नाकानं हवा हुंगत होतो. माझ्या शेजारचे सगळेच हुंगत होते. एका काकूंची फोडणी आत करपली आणि त्या वासानं वहिनी अर्ध्या उठल्या, मग खाली बसल्या. पाळणा थांबल्यामुळे लता जागी झाली आणि तिनं असा टाहो फोडला, की बसप्पांचे कान लाल झाले. पण त्यांनी पाळणा सोडला नाही. जॉबरच तो.

शेवटी दूर मिलचा भोंगा झाला. लांब, भरदार.

बसप्पा उठले. डब्यावर तळहात ठेवला. ठेवूनच राहिले. मग लेकीकडे वळून म्हणाले, "शाळंची साडी इस्त्री करून ठीव. सोमवारी जायाचं हाय."

वहिनींनी पर्स उघडली, तो कागद काढला आणि घुगऱ्यांच्या पातेल्याखाली सरकवला, गरम पातेलं ठेवायला. पाळणा हलू लागला. लता एक हुंदका देऊन गप्प झाली.

या बारशानंतर दोनच दिवसांनी मी दुसरी नोकरी धरून सोलापूर सोडलं. त्यामुळे वागदरे सर माझ्या डोळ्यांपुढं राहिलेत ते त्या क्षणीचे. भिंतीला टेकलेले, कोटाची बटणं लागलेली, कपाळावरून घामाची धार, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जणू प्राचार्यांच्या किल्ल्या पुन्हा आपणहून आल्यात. डाव्या कुशीला घुगऱ्यांचा लोखंडी चमचा चिकटलेला होता. त्यांना पत्ता नव्हता.

पण त्या दिवशीचं बारसं अजून संपलं नव्हतं, आणि बसप्पा जॉबर होते. न जळणारी मोटर बघितल्याशिवाय त्यांना घास कसा उतरेल? कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी तुपाचा डबा उचलला. आतले लोंबते वळसे बघून त्यांच्या मिशा दोन्ही बाजूंनी खाली आल्या.

"छ्या! जावईबापू, चालती झ्याक, पर हे काय भरलंय? आमच्या मिलमंदी असल्या कारागिराला गेटाभाईर काढला असता. कोन गबाळ्याच्या हातचं हाय हे?"

सरांनी ओठ घट्ट मिटले. मीही मिटले. शपथ म्हणजे शपथ. आणि मागून, बायकांच्या घोळक्यातून, घुगऱ्यांची परात खाणकन जमिनीवर आली.

"मी भरलंय! नरसम्मा! आणि लई मेहनत करून वाईट भरलंय!"